चादरींचं शीड

आखाती देशातल्या फुजैरा बंदरासमोर नांगरलेल्या आमच्या जहाजाचा मालक अकरा महिने फोन उचलत नव्हता. जहाजावर उरलो दोघंच: गार्ड म्हणून आलेला मी, निवृत्त फौजी, आणि रत्नागिरीचे कूक हनीफचाचा. डिझेल खलास, तांदूळ खलास. शेवटी होत्या तेवढ्या चादरी जोडून लाइफबोटीला शीड शिवायला घेतलं. चाचांचे आजोबा गलबतावर तांडेल होते. “फौजी, टाके घट्ट घाल, कोकणापर्यंत टिकले पाहिजेत,” ते म्हणायचे. “पण मी आधी गेलो, तर उसव हां. आमच्या कफनाला शिवलेलं चालत नाही.” “गप बसा, चाचा. ईदला घरी असाल.” “इन्शाल्ला.” आज पहाटे घराकडे नेणारा वारा सुटला. शीड तयार होतं. चाचा उठलेच नाहीत. रेडिओवरून बंदराकडे मयत किनाऱ्यावर उतरवायची परवानगी मागितली. नेहमीचंच उत्तर: “परमिट नाही, थांबा.” दुसरी चादर नव्हती. मी शीड मांडीवर ओढलं, ब्लेड लावलं. टाके फार घट्ट होते.