ताई काय म्हणतात

“आलं का गं उत्तर?” सुताराने पलंगावरून विचारलं. एवढं बोलायला त्याला मध्ये थांबावं लागलं.

“अजून नाही,” बायको म्हणाली. ती खिडकीपाशी शिवणयंत्रावर कुणाचे तरी पडदे दुमडून शिवत होती. मोबाइल सुईशेजारीच ठेवला होता.

प्रश्न बाटलीचा होता. ती सकाळी धाकट्या दिराने आणून दिली होती, सोबत एक व्हिडिओही पाठवला होता. दीर म्हणजे उंटावरचा शहाणा. घरात कुणी शिंकलं तरी त्याच्या मोबाइलमध्ये इलाज तयार. व्हिडिओत एक गुटगुटीत माणूस सांगत होता की फुप्फुसं आतून कितीही कडक झालेली असोत, या औषधाने पुन्हा मऊ होतात. दवाखान्याच्या गोळ्या मात्र तेवढे दिवस बंद ठेवायच्या. सुताराने तो व्हिडिओ पाहिला आणि परत लावायला सांगितला. जन्मभर भुसा छातीत ओढलेल्या माणसाला ‘मऊ’ हा शब्द किती गोड लागतो, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण बाटलीला त्याने हात लावला नाही. म्हणाला, आधी ताईंना विचार.

ताईंना दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, इंटरनेटवर काही वाचत बसू नका म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मग विचारायचं कुणाला, हे काही सांगितलं नाही. बायकोने वाचायचं ते वाचलंच. एक पान म्हणे भरपूर चाला, दुसरं म्हणे पलंग सोडू नका. एक डॉक्टर आजार बरा होतो म्हणून सांगत होता, आणि त्याच्याच खाली त्याच्या चूर्णाची जाहिरात. वाचून वाचून तिचं डोकं भणाणलं. शेवटी हाच आजार घरात असलेल्या लोकांचा एक ग्रुप सापडला. त्यात ताई होत्या. सगळे त्यांना ताईच म्हणायचे.

ताई धीर देत नसत. हे खरं आहे, इथे वाचा. हे खोटं आहे. हे अजून कुणालाच माहीत नाही. विचारणारा कितीही रडला, तरी याच्यापलीकडे त्यांचं उत्तर जात नसे. बायकोला सुरुवातीला बाई जरा फटकळ वाटल्या. सुताराला मात्र त्या फार पटल्या. त्यानेही फळ्या अशाच निवडल्या होत्या: ही चालेल, ही चालणार नाही, हिला रंधा मारल्याशिवाय सांगता येणार नाही. मग रोज जेवताना तो विचारायला लागला, “ताई काय म्हणतात?” जशी काही त्याची सख्खी थोरली बहीण.

अलीकडे ताईंची उत्तरं आखूड झाली होती. वाक्यं तुटक यायची, कधी नुसतं ‘खोटं’ एवढंच. तेव्हा सुतार एकदा म्हणाला होता, “या बाईंना धाप लागते.” बायकोला हसू आलं. टाइप करताना कसली आलीय धाप, असं ती म्हणाली. तो हसला नव्हता.

मोबाइल थरथरला. बायकोने यंत्राचं चाक हाताने थांबवलं आणि वाचलं.

ताईंच्या नावाने त्यांच्या मुलीने लिहिलं होतं. आई परवा गेली. तुमच्या घरात आहे तोच आजार तिलाही होता. कुणाला सांगू नकोस म्हणायची, लोकांचा धीर सुटेल. औषधं, तपासण्या, व्यायाम, तिने एकही गोष्ट चुकवली नाही. तुमचा प्रश्न तिला पोचला नाही, माफ करा.

बायकोने ते पुन्हा वाचलं. तिला आधी रडू नाही आलं, राग आला. ताईंचाच आला. खरं काय ते एवढं नेमकं ठाऊक असलेली बाई, खरं तेच करून गेली होती. मग ते खरं उराशी धरून आपण तरी कुठे पोचणार होतो? टेबलावर बाटली होती. निदान तिच्यावर ‘मऊ’ असं लिहिलेलं होतं.

“आलं ना?” सुतार म्हणाला. “काय म्हणतात ताई?”

तिने पडदा पुन्हा सुईखाली सरकवला. त्याच्याकडे न बघता म्हणाली, “म्हणतात, बघा घेऊन. काही जणांना गुण आलाय म्हणे.”

“आणि गोळ्या?”

“गोळ्या...” तिने दोरा ओढला, तो तुटला. “थोडे दिवस बंद ठेवल्या तरी हरकत नाही, म्हणतात.”

पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. बायको सुईत दोरा ओवायला लागली. एरवी एका झटक्यात ओवायची, आता तो आत जाईना.

नाकातली नळी त्याने नीट केली आणि बोलण्यापुरता श्वास जमवला.

“ताई असं नाही बोलायच्या,” तो म्हणाला. मग परत थांबला. या वेळी नुसत्या धापेने नाही.

“कधी गेल्या?”