गांडुळांवरचं व्याख्यान

विद्यापीठाच्या सभागृहातल्या खुर्च्यांना बसणाऱ्याचा कंटाळा कळायचा. निम्मे श्रोते कंटाळले की वक्त्याच्या कॉलरचा माइक आपोआप बंद! कुलगुरूंचं प्रास्ताविक चाळिसाव्या सेकंदालाच तुटलं, तेव्हा विद्यार्थी सचिव ऋजुता धास्तावली. पुढचे पाहुणे तिनेच हट्टानं बोलावले होते. तिचे शाळेतले खटावकर सर, विषय गांडुळं.

दुसऱ्याच वाक्याला माइक गेला. सरांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही. ते रंगात येऊन बोलतच राहिले. ऋजुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात गांडूळ कसं चालतं ते दाखवायला सर चक्क व्यासपीठावर पालथे पडले आणि सरपटू लागले.

"काय म्हणाले?" करत मागची मुलं पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसली. सगळ्यांनी कान टवकारले.

"शांत बसा रे, ऐकू द्या!" खुद्द कुलगुरू ओरडले.

आणि माइक धडाडून सुरू झाला. स्वतःच्याच आवाजानं सर दचकले आणि झोपल्या झोपल्याच म्हणाले, "ऋजुता, कोण गं हा मध्येमध्ये बोलतोय? बाहेर काढ त्याला!"