अकरातला एक

म्हस्कूने कागदावर अंगठा उठवला आणि त्या निळ्या ठशाकडे बघतच राहिला. पोरगा आताच मॅट्रिक झाला, असंच त्याला वाटत होतं.

“झालं, तात्या.” सोपान गुरुजींनी कागद जरा घाईनेच ओढून घेतला आणि बोट पुसायला फडकं पुढं केलं.

“ऱ्हाऊ द्या की गुरुजी. भिमाच्या आयला दावतो. म्हनंल ही बघ, मॅट्रिकचा फारम भरून आलो.”

गुरुजी हसले नाहीत. एरवी म्हस्कू काही बोलला की ते आधी हसत.

उद्या इन्स्पेक्टर साहेब येणार म्हणून शाळा सारवून लख्ख केली होती. ते दोघं होते त्या हेडमास्तरांच्या खोलीत भिंतभर तक्ता लावला होता. म्हस्कूला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते गुरुजींच्या हातचं आहे एवढं त्याने ओळखलं. चार वर्षांमागं सातवी झालेला भिमा निरवांगीच्या माळावर मेंढरांमागं हिंडत होता, तेव्हा हेच गुरुजी उन्हातान्हाचे तिथं आले होते. म्हस्कूच्या ताटात त्यांनी दूध-भाकरी कुस्करून खाल्ली होती. “पोरगं मला द्या, मॅट्रिक करून परत देतो,” म्हणाले होते. म्हस्कूने दिलं. दिवाळी सरली की भाऊबंद मेंढरं घेऊन कोकणात उतरत, आणि पोराला संगं धाडत नाही म्हणून थोरला भाऊ अजून त्याच्याशी धड बोलत नव्हता.

दारात भिमा आला. आता चांगला अठराचा, बापाच्या डोक्यावर गेलेला.

“गुरुजी, फारमासाठी समद्यांची नावं पुकारली. माझं ऱ्हायलं.”

गुरुजींनी टेबलावरच्या कागदावर तळहात ठेवला. भिमाने एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा बापाच्या निळ्या अंगठ्याकडे. मग त्याने कागद सरळ ओढूनच घेतला. गुरुजींसमोर त्याने आजवर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

“आबा, ह्यो फारम न्हाय.”

“मंग काय हाय?”

“दाखला मागितल्याचा अर्ज. ‘घरच्या अडचणीमुळे मुलास शाळेतून काढून घेत आहे.’ खाली तुमचा अंगठा.”

“अडचन?” म्हस्कूला खरंच कळेना. “आपल्याला कसली अडचन हाय रं?”

गुरुजी जमिनीकडे बघत बोलायला लागले. भिमा इंग्रजीत कच्चा आहे. चाचणीत नापास झाला. गेल्या साली बारामतीच्या शाळेचा निकाल शेकडा एकाहत्तर लागला, आपला चव्वेचाळीस. साहेबांनी सगळ्या मास्तरांदेखत हेडमास्तरांना झाडलं. तेव्हा यंदा नापास होईल असं पोर परीक्षेला बसवायचंच नाही, असं ठरलंय. शाळेनं अडवलं असं मात्र दिसायला नको, म्हणून हे अर्ज.

“आन् गणितात?” म्हस्कूने विचारलं.

“गणितात वर्गात पहिला आहे.”

“परीक्षा कवा हाय?”

“मार्चात.”

“मंग दोन म्हयनं हायती की! शिकवा. तुमीच शिकवा.”

भिमाने अर्ज फाडायला धरला, तसे गुरुजी हळूच म्हणाले, “फाडलास तरी फॉर्म जायचा नाही भिमा. सही हेडमास्तरांची लागते. मी एकटा काय करणार?”

हेडमास्तरांचा म्हस्कूला राग आला नाही. त्या माणसाला तो ओळखतही नव्हता. पण हा आपल्या ताटात जेवलेला माणूस.

“तुमी मला खरं सांगायचं हुतं, गुरुजी. तंडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, ग्येलो असतो घरला. पन फारम म्हनून अंगठा घेतला व्हय तुमी?”

गुरुजींनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

म्हस्कू तक्त्याकडे वळला. “भिमा, ह्यात काय लिवलंय?”

“एकीकडं बारामतीची शाळा, एकीकडं आपली. पोरं किती, पोरी किती, शेतकऱ्याची किती.” भिमा अडखळला. “मागासलेल्या वर्गाची पोरं, त्यांची तीन, आपली अकरा.”

“अकरात तू हाईस?”

“हाय. म्हनून तर अर्जावर तारीख टाकली न्हाय. उद्या साहेब अकरा मोजून जाईल, मंग टाकतील.”

“आन् निकाल?”

“औंदाचा पेन्सिलीनं लिवलाय. शंभर.”

“परीक्षेच्या आदीच?”

“व्हय.”

अंगठ्यावरची शाई एव्हाना वाळली होती. घरी नेऊन दाखवायची शाई. तो टेबलाशी आला आणि त्याने अंगठा पुन्हा शाईच्या गादीवर दाबला, चांगला दाबून दाबून.

“अकरा कुठं हाय, दाव.”

भिमाने बोट ठेवलं.

“तात्या, नको,” गुरुजी पुढं आले. “तीन दिवस बसून काढलाय तो. उद्या साहेब…”

म्हस्कूने नीट बघून, आकडा झाकेल असा, त्यावर अंगठा उठवला.

“साळंतनं काढलं न्हवं पोराला? आता हितनंबी काढा.”