गाण्याला धक्का लागता कामा नये

“आधी एक सांगा. गाण्याला धक्का लागला तर काय करणार?”

गौतमीनं हे विचारलं तेव्हा नागसेननं अजून एक स्क्रूही काढला नव्हता. दौंडहून एसटीनं शिरूर, शिरूरहून जीपनं कारेगाव, आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवतोय तोवर ही परीक्षा!

“लागणार न्हाई,” तो म्हणाला.

“मागच्या दोघांनीबी हेच सांगितलं होतं.”

“अगं पोरी, हात तरी लावू दे त्याला!” पोपटमामा मध्येच बोलला.

पोपटमामा म्हणजे नागसेनच्या आईचा चुलतभाऊ. जयंतीची वर्गणी, कुणाची सोयरीक, कुणाची जुनी फटफटी, गावात काहीही असो, याचं नाक त्यात असायचंच. नागसेनचं दौंड स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. कारेगावात एका मास्तरणीचा कॉम्प्युटर अडलाय म्हणून मामानं त्याला दुकानातून उठवून आणलं होतं.

कॉम्प्युटर खरंच म्हातारा होता. आत विंडोज ९८. साल २००६; विंडोजवाल्या कंपनीनं त्याच वर्षी त्याच्यावरून हात काढून घेतलेला. पेनड्राइव्ह लावला तर मशीन ओळखही देईना. आणि त्याच्या पोटात गौतमीची गाणी. शिरूरच्या शाळेत शिकवून ती सुट्टीत गावोगाव फिरायची. इनामगावपासून राहूपर्यंतच्या वस्त्यांत म्हाताऱ्या बाया जात्यावर जे गायच्या, ते तिनं ऐकून ऐकून टाइप केलं होतं. त्यातल्या कितीतरी बाया आता राहिल्या नव्हत्या.

“दुसरीकडं कॉपी न्हाई?” नागसेननं विचारलं.

“न्हाई,” गौतमी म्हणाली.

विंडोज काय, पुन्हा टाकता येतं. मेलेली म्हातारी पुन्हा कुठून गायला आणायची?

त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला, स्वतःची हार्ड डिस्क जोडली आणि गाणी तिच्यावर उतरवली. मग खुर्ची सोडून उभा राहिला.

“बसा. सगळी आलीत का बघा. तुम्ही व्हय म्हणल्याशिवाय मी जुनं पुसणार न्हाई.”

गौतमीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि बसली. एकेक गाणं उघडून बघत राहिली. कंपनीतनं रजा टाकून घरी थांबलेले तिचे वडील चांगदेव कॉटवर पेपर धरून बसले होते. पान काही उलटत नव्हतं.

“व्हय,” शेवटी ती म्हणाली.

मग त्यानं जादा मेमरी बसवली, डिस्क साफ केली आणि नवं विंडोज एक्सपी टाकायला घेतलं. ते सावकाश चढत होतं. तोवर रंभाबाईंनी, म्हणजे गौतमीच्या आईनं, जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी, मेथी आणि शेंगदाण्याची चटणी. जेवून नागसेननं आपलं ताट आपणच मोरीत नेऊन ठेवलं.

“अवो, राहू द्या की!”

“सवय हाय मावशी. न्हाईतर आमची आई धपाटा घालती.”

पोपटमामा उगाचच खूश होऊन हसला.

एक्सपी झकास चालू झालं. नागसेननं गाणी परत आत घातली आणि पहिलं उघडलं.

पडद्यावर मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, नुसता कचरा. दुसरं गाणं उघडलं, तेच. तिसरं, तेच.

“व्हायरस आसंल रं!” मामानं घाईघाईनं बाजू सावरली. “जुन्या मशीनला असतोच की. आधीचाच आसंल!”

बरं निमित्त होतं. हो म्हणायचं, वायर गुंडाळायची, निघायचं. कुणाला काय कळणार होतं?

“न्हाई मामा,” नागसेन म्हणाला. “चूक माझी हाय. गाणी घेतली, पण ज्या मराठी फॉन्टात ती टाइप केलीत तो घ्यायचाच राह्यला. जुन्या विंडोजबरोबर तो पुसला गेला.”

“म्हंजी गाणी गेली?” रंभाबाईंनी विचारलं.

“गाणी हायती मावशी. फक्त वाचता येत न्हाईत. शिरूरला डीटीपीवाल्यांकडं बघतो, न्हाईतर पुण्याला जातो. फॉन्ट मिळंस्तोवर घरी जायचो न्हाई.” तो गौतमीकडं वळला. “माफ करा. तुम्ही आधीच बजावलं होतं.”

त्यानं खरोखरच चपला पायात सरकवल्या.

“थांबा,” गौतमी म्हणाली. टेबलाचा ड्रॉवर उघडून तिनं एक फ्लॉपी काढली. “यात हाय का बघा बरं.”

होता! नागसेननं फॉन्ट टाकला, गाणं पुन्हा उघडलं, आणि पडदाभर मराठी उमटलं. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. स्क्रू शोधायचं निमित्त करून तो टेबलाखाली वाकला. रंभाबाईंनी पडद्याकडं बघत हळूच चाल धरली:

“शाळंच्या वाटंनं गं माझी मैना चाललीया,
अडाणी मी बाई तिच्या दप्तराला भ्यालीया.”

सकाळपासून पहिल्यांदाच गौतमी हसली.

निघताना नागसेन दारात घुटमळला. “मेमरी नवीन हाय. एकदा येऊन बघून जाईन म्हणतो.”

“या की,” ती म्हणाली.

“जय भीम” झालं, जीप धुरळा उडवत गेली. चांगदेवांनी पेपर एकदाचा खाली ठेवला आणि मोठा श्वास सोडला.

रंभाबाईंनी कपाट उघडलं. गौतमीच्या सगळ्या गाण्यांच्या कॉप्या असलेल्या सीड्यांच्या चळतीतून दर वेळेसारखी विंडोज ९८ ची सीडी काढून लेकीपुढं धरली. “घे बाई, टाक परत जुनं. रविवारी राहूचं स्थळ यायचंय, त्यालाबी हाच कॉम्प्युटर दाखवू.”

गौतमीनं सीडी घेतली आणि जिथली तिथं ठेवून दिली.

“राहूवाल्यांना नको म्हणून कळव, आई.”