उंच गव्हाण

शिवकुमारमामांचं शर्यतीचं शिंगरू महिनाभर खोकत होतं, औषधांनी गुण येईना आणि चेन्नईची पहिली शर्यत तोंडावर आली होती. जनावरांच्या डॉक्टर भुवनाला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं: बांधावर चरताना ते खोकत नाही, मग तबेल्यातच का? तिनं आत नजर फिरवली. गव्हाण तिच्या कपाळाएवढी उंच होती. “मामा, इतकी वर का बांधली?” मामांनी समोरच्या भिंतीवरच्या सोनेरी तंजावूर चित्राकडे बोट दाखवलं. त्यात राजाचा घोडा मान ताठ करून उभा होता. “ह्याची मानही तशी व्हायला नको का गे?” भुवनानं चारा भिजवून जमिनीवर ठेवला. शिंगरानं डोकं खाली नेलं, आणि छातीत साचलेला कफ नाकातून घळाघळा वाहू लागला. मामा चित्राजवळ गेले. “खरंच गे,” पुटपुटले, “ह्या घोड्यापुढे चारा काढलेलाच नाही.”