आईची बाजू

तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा विस्मृत संगीतकाराने चर्चसाठी रचलेल्या एका 'मास'च्या, म्हणजे प्रार्थनेच्या समूहगानाच्या, दोन रेकॉर्ड घरात होत्या. बाबांना साठ गायकांनी गायलेली आवडायची, आईला आठ जणांची. दर रविवारी दोन्ही लागायच्या, वाद रंगायचा आणि चहा निवून जायचा.

आई गेल्यावर मुलगी पहिल्यांदाच राहायला आली, तेव्हा आठ जणांची लागली होती.

"शेवटी आईचं पटलं म्हणायचं तुम्हाला."

"पटतंय कसलं. पण तिच्या बाजूने बोलायला कुणी नको का? तू माझी बाजू घे आणि भांड."

तिने दोन्ही रेकॉर्ड मन लावून ऐकल्या. बाबांनी चहा ओतला आणि सरसावून बसले.

"खरं सांगू बाबा? मला दोन्ही सारख्याच वाटतात."

बाबांनी चहा गरम असतानाच संपवला.