वेलींचा राखणदार

फोटोग्राफरने आधी वेलींच्या खोडांना चिखल फासला, मग मालोजींच्या हातांना.

नंदीच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरची ती द्राक्षबाग लावून सहा-सात वर्षंच झाली होती. रेड वाइनच्या बाटलीवर मात्र 'शंभर वर्षांच्या वेली' असं छापायचं ठरलं होतं, आणि त्या शंभर वर्षांना शोभेल असा म्हातारा राखणदार फोटोसाठी हवा होता. ठरवलेला माणूस ऐनवेळी आला नाही. म्हणून कंपनीची जाहिरात सांभाळणाऱ्या सौम्याने शहरातल्या बनशंकरीच्या घरून आपल्या वडिलांनाच, मालोजींना, आणलं. नातं बाहेर कळता कामा नये, एवढंच मालक रणवीरने बजावलं. जाहिरातीत त्यांचं नाव मल्लप्पा असणार होतं.

"सौम्या, माझ्यापुढे ह्या वेली तरण्याताठ्या दिसतात की," मालोजी म्हणाले.

"अण्णा, स्वल्प गप्प उभे राहा."

ते उभे राहिले. फोटोग्राफरला त्यांच्या हातांचं फार कौतुक. कारखान्यात लेथवरून उडणाऱ्या लोखंडाच्या तापलेल्या किसाने पडलेले डाग त्याला मातीतल्या कष्टाचे वाटले. दुपारी मालोजींनी वाइनचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि साखर घालायची राहिली का म्हणून विचारलं. परतताना ते गाडीतच झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

रणवीर भेटायला आला.  हलक्या आवाजात म्हणाला की तिची हरकत नसेल तर हेही लोकांना सांगता येईल: राखणदार गेला, आता अशी वाइन पुन्हा होणे नाही. सौम्याने होकारार्थी मान हलवली. त्या दिवसांत ती कशालाही मान हलवत होती.

महिन्याभराने हॉटेलच्या हॉलमध्ये निवडक पाहुणे ग्लास घेऊन बसले होते. भिंतीवर मालोजींचा फोटो, माणसापेक्षा मोठा. रणवीर बोलत होता. मल्लप्पाने लग्न केलं नाही. त्याला मूल नव्हतं. वेली हेच त्याचं घरदार. त्याच्यासाठी सगळ्यांनी क्षणभर उभं राहावं, असं तो म्हणाला.

पाहुणे उभे राहिले. त्या शांततेत सौम्याच्या तोंडून मराठी निघालं.

"अण्णा, चला घरी."

तिथे सगळे कन्नड नाहीतर इंग्रजी बोलणारे; कुणालाच ते कळलं नाही. शेजारच्या बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवून हळूच विचारलं, ही बागेतली प्रार्थना का? रणवीरने घाईघाईने होकार दिला.

सौम्याने ग्लास टेबलावर ठेवला. आता ती इंग्रजीत बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"ते माझे वडील. नाव मालोजी. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात कामाला होते. द्राक्षाची बाग त्यांनी जन्मात एकदाच पाहिली. माझ्यासाठी."